मणक्यातला ‘गॅप’, गळ्यातला पट्टा आणि पीक विम्याचा जुलै

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. वय ३८, जिंतूर तालुक्यात ई-सेवा केंद्र. दीड महिन्यापासून डावीकडून मान दुखते, दुखणं पाठीच्या फऱ्यात उतरतं आणि मधूनच डाव्या अंगठ्याला मुंग्या येतात. एक्स-रेत पाचव्या-सहाव्या मणक्यात ‘गॅप’ निघाला, ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’ (म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज) असं नाव पडलं, गळ्यात पट्टा आला. तो तुम्ही झोपेतसुद्धा घालताय. मेहुणे म्हणतात एमआरआय काढा, आई म्हणतात बिब्बा घाल, आणि शेजारच्या दुकानदाराला मान मोडून नस बसवणारा एक माणूस माहीत आहे. सगळ्यात शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीत: ‘हे आता जन्माचं झालं का, केंद्र बंद करावं लागेल का?’

मला विचाराल तर खरा प्रश्न ती शेवटची ओळच आहे. बाकीचे सगळे त्या धास्तीतून आलेत. म्हणून तिचं उत्तर आधी देते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून केंद्र बंद करायची वेळ आलेली दिसत नाही. असं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत, आणि नस दुखावली असेल तर साधारण दीड ते तीन महिन्यांत उतरणीला लागतं, तेही ऑपरेशनशिवाय. पण मी तुम्हाला पाहिलेलं नाही. हाताची ताकद किती, खांदा मोकळा फिरतो का, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय कसा उडतो, हे लिहून कळत नाही. तेव्हा जिथं गोष्ट तुमच्या तपासणीवर अवलंबून आहे तिथं तसं स्पष्ट म्हणेन. मी परभणीत १९ वर्षं फिजिओथेरपी करते, आणि मानेच्या बाबतीत माझीही मतं या वर्षांत बरीच बदलली आहेत.

आधी त्या गॅपचं बघू. हा शब्द आपल्याकडं कुणी रुजवला देव जाणे, पण दिवसाला दोघं-तिघं तरी तो घेऊनच दवाखान्यात येतात. ‘मॅडम, मणक्यात गॅप पडलाय, भरून निघंल का?’ जणू बांधाला भगदाड पडलंय आणि चार टोपली माती टाकली की बुजंल. रिपोर्टात लिहिलेलं असतं ते बरोबर उलट: दोन मणक्यांमधली जागा कमी झालीय. त्या जागेत गादी असते, तिच्यात पाण्याचा अंश भरपूर असतो. वयाबरोबर पाणी कमी होतं, गादी बसते, कडेनं हाडाची बारीक टोकं येतात. रोज अंगाखाली घातलेली वाकळ दहा वर्षांनी जशी चपटी होते, तसं. वाकळ चपटी झाली म्हणून कुणी तिला आजार म्हणत नाही.

आणि ती चपटी झालेली गादी दुखतेच असं नाही. २०१५ साली जपानमधल्या डॉक्टरांनी मान अजिबात न दुखणाऱ्या १२११ लोकांचे एमआरआय काढून प्रसिद्ध केले. त्यातल्या ८७ टक्क्यांहून जास्त लोकांच्या मानेत गादीचा फुगवटा होता. विशीतल्या पोरापोरींतसुद्धा बहुतेकांना होता. ही माणसं आपली कामं करत होती, त्यांना काहीच होत नव्हतं. म्हणून कुणी मला नुसता रिपोर्ट मोबाईलवर पाठवून ‘किती सिरियस आहे’ विचारलं, तर मी उत्तर देत नाही. माणूस समोर नसताना तो फोटो मला वयापलीकडं फारसं काही सांगत नाही.

मग तुमच्या एक्स-रेला काहीच अर्थ नाही का? थोडा आहे, आणि तो आहे अंगठ्यामुळं. मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधून सहावी नस बाहेर पडते आणि दंडावरून अंगठ्याकडं जाते. सातवी मधल्या बोटाकडं, आठवी करंगळीकडं. तुमचा बदल पाचव्या-सहाव्यात, मुंग्या अंगठ्यात. जुळतंय. रिपोर्टातली ओळ आणि अंगातली खूण एकमेकींना ओळखत असतील तेव्हाच ती ओळ कामाची. मुंग्या करंगळीत असत्या, तर हाच एक्स-रे मी बाजूला ठेवला असता.

रिपोर्टात बहुधा ‘मानेचा बाक गेलाय’ असंही लिहिलं असेल. त्यावर मी दोन मिनिटंही घालवत नाही. दुखत असताना माणूस मान ताठ धरूनच एक्स-रेला उभा राहतो.

आता जे आधी बघायला पाहिजे ते. यासाठी माझीच एक चूक सांगते. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. पूर्णेकडचे एक शेतकरी, पन्नाशी ओलांडलेले, मान आखडली म्हणून आले. दुखणं फार नव्हतं, म्हणून मीही निवांत होते. शेक, ट्रॅक्शन (म्हणजे मशीननं मान हळू ओढून धरणं), आठ दिवस झाले. नवव्या दिवशी आले ते एका पायात चप्पल घालून. विचारलं तर म्हणाले, ‘दुसरी वाटंत कुठं निसटली, कळलंच नाही बघा.’ मी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांना सदऱ्याच्या गुंड्या काढून परत लावायला सांगितल्या. जाड, कष्टाची बोटं, पण ती गुंडीभोवती नुसती चाचपडत होती. एका पावलापुढं दुसरं पाऊल टाकत सरळ रेषेत चला म्हटलं तर तिसऱ्या पावलाला भिंत धरली. मानेत मज्जारज्जूवर दाब आलेला होता. त्याच दिवशी पुढं पाठवलं, ऑपरेशन झालं. हात बरेच सुधारले, चाल पूर्वीसारखी झाली नाही. आठ दिवस मी त्यांना रोज ‘किती दुखतंय’ एवढंच विचारत होते, आणि त्यांचं फारसं दुखत नव्हतं. तेव्हापासून मानेचा पेशंट दारातून आत येताना मी आधी त्याचे पाय बघते.

म्हणून तुम्ही आजच घरी हे करून बघा. घड्याळ लावून १० सेकंदांत मूठ पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटा, जितक्या वेळा होईल तितकी. धडधाकट माणसाची २० वेळा सहज होते. बरीच कमी होत असेल, बोटं जड-लडबडीत वाटत असतील, तर थांबू नका. मग फरशीच्या रेघेवर टाचेला बोटं लावत दहा पावलं चाला. गुंड्या लावताना, मोबाईलवर टाईप करताना हात चुकतोय का? पाय ताठरल्यासारखे वाटतात का? लघवीला लागल्यावर धरवत नाही, किंवा जोर करावा लागतो, असं झालंय का? मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखी चमक जाते का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि हाडांच्या किंवा मेंदू-मणक्याच्या सर्जनला दाखवा. नांदेडला विष्णुपुरी, अंबाजोगाई, संभाजीनगरची घाटी, या मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी जिथं जमेल तिथं. अशा वेळी एमआरआय लगेच, आणि मानेला हात लावायला कुणालाच द्यायचा नाही, मलासुद्धा नाही.

बाकी काही गोष्टी मी प्रत्येकाला विचारते. संध्याकाळी बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, आणि झोपलं तरी न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावा लागतो. आपल्याकडं तो दुर्मीळ नाही, आणि वेळेत सापडला तर औषधानं बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, मोटारसायकलवरून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, जोराचा ताप आणि डोकेदुखीसोबत मान ताठणं, ही सगळी डॉक्टरांकडं लगेच जायची कारणं. तुमची बाजू डावी आहे म्हणून एक जास्तीचं: चढ चढताना, पायऱ्या चढताना हात-जबडा-छाती भरून येत असेल, दरदरून घाम येत असेल, तर ते मानेचं समजू नका, आधी ईसीजी. मानेच्या नावाखाली हृदयाचं दुखणं चोळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. तेव्हा यापैकी काही नाही असं धरून पुढं जाते.

अंगठ्याच्या मुंग्या मानेतूनच येतात का, हे पक्कं करायचं. दोन-तीन साध्या खुणा आहेत. मान वर करून डावीकडं झुकवली की मुंग्या वाढतात का? आणि डावा तळहात डोक्यावर ठेवून दोन मिनिटं बसलं की बरं वाटतं का? बऱ्याच जणांना ही दुसरी गोष्ट कुणी न सांगता सापडलेली असते. दवाखान्यात बाकड्यावर हात डोक्यावर ठेवून बसलेला माणूस दिसला की मी अर्धं निदान तिथंच करते. दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर नस मानेतच दुखावली आहे. याउलट मुंग्या रात्री झोपेतून उठवत असतील, अंगठ्यासोबत पहिल्या दोन बोटांत असतील, आणि हात झटकला की जात असतील, तर नस मनगटात दबतेय. कीबोर्ड-माऊसवाल्यांत हे पुष्कळ दिसतं, आणि मानेला कितीही शेक दिला तरी ते जात नाही. हात वर डोक्यापर्यंत नेताच येत नसेल, अंगरखा काढताना जीव जात असेल, तर तो खांदा आखडलाय. त्यात शुगर असेल तर शंका आणखी पक्की. दोन्ही तळपायांनाही मुंग्या असतील तर एकदा शुगर आणि बी-१२ तपासून घ्या. माळकरी, शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघतं.

दर रविवारी एक गोष्ट तपासायची: डाव्या हाताची मूठ करून मनगट वर उचला, उजव्या हातानं ते खाली दाबा. मग उजव्याचं तसंच करून बघा. दोन्हीकडं जोर सारखा लागला पाहिजे. मुंग्या येणं-जाणं चालू राहिलं तरी चालेल. जोर आठवड्यागणिक कमी होत असेल तर ते चालणार नाही. मुंग्यांना माणसं घाबरतात आणि कमजोरीकडं दुर्लक्ष करतात. मी उलटं करायला सांगते.

आता हे झालं कशानं. तुम्ही लिहिलंय, दुखणं जुलैच्या शेवटी सुरू झालं. लिहिलं नसतं तरी मी ओळखलं असतं. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा होता, तेव्हा माझ्याकडं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात केंद्रवाल्यांची रांगच लागली होती. विम्याचे अर्ज भरायची शेवटची तारीख जवळ आलेली, दिवसा सर्व्हर चालत नाही, म्हणून रात्री एक-दीडपर्यंत बसायचं. लॅपटॉप टेबलावर खाली, शेतकऱ्याचा सातबारा डावीकडं, ओटीपीसाठी त्याचाच मोबाईल हातात, आणि समोर काउंटरवर वाकलेली पाच-सहा माणसं. तुम्ही रोज बारा-चौदा तास बसत होतात म्हणता. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, म्हणजे तेलाच्या पाच लिटरच्या कॅनएवढं. ते पुढं झुकलं की मागच्या स्नायूंना सतत धरून ठेवावं लागतं.

इथं लोक लगेच व्हॉट्सअॅपवरचं ते चित्र दाखवतात: मोबाईल बघायला मान वाकवली की मानेवर २७ किलो. तो आकडा २०१४ साली एका अमेरिकन सर्जननं संगणकावर केलेल्या हिशोबाचा आहे. भार वाढतो हे खरं, पण त्यावरून मान वाकवणं हाच गुन्हा ठरवणं मला पटत नाही. कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर वाकतात. त्या माझ्याकडं येतात त्या बहुतेक कंबर घेऊन, मान घेऊन कमी. त्यांची मान वाकते, उठते, झाडावरून झाडावर फिरते. तुमची मान एका जागी खिळलेली होती, तीन-तीन तास. आणि त्यात झोप चार तासांची, डोक्यावर शेवटच्या तारखेचा ताण, लोकांची बोलणी. झोप आणि ताण हे मानेच्या दुखण्यात नुसते बोलायचे विषय नाहीत. कमी झोपलेल्या माणसाला तेवढाच भार जास्त दुखतो. त्यामुळं ‘माझी बसायची पद्धत चुकली’ म्हणून स्वतःला बोल लावू नका. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याला एका दिवसात चाळीस चालवलं तर पाय धरणारच, पाय खराब असतात म्हणून नव्हे. तुमच्या मानेवर जुलैत तेच झालंय.

यातूनच उपचाराची दिशा निघते: आधी भार कमी करायचा, मग मानेचा दम वाढवायचा. नुसतं पहिलं केलं तर पुढच्या हंगामात परत हेच.

पट्ट्यापासून सुरुवात करू. नस ताजी दुखावलेली असते तेव्हा पहिले काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे पट्ट्यानं आराम पडतो, मी स्वतः देते. तुमचा दीड महिना झाला, तेही चोवीस तास. आता तो मानेचं काम स्वतः करतोय आणि स्नायू बसून खातायत. पण उद्याच एका झटक्यात काढू नका, दुखेल आणि तुम्ही घाबराल. आजपासून झोपताना काढा. तीन-चार दिवसांनी घरात काढा. पुढचा आठवडाभर फक्त खड्ड्यांच्या रस्त्यानं जायचं असेल तेव्हा घाला. मग माळ्यावर टाका.

झोपताना उशी एकच. पाठीवर झोपलात तर पातळ, कुशीवर झोपलात तर खांदा आणि कान यांच्यातली जागा भरेल एवढी. बाजारातल्या महागड्या ‘सर्व्हायकल’ उशीची गरज नाही. टॉवेलची घडी कमी-जास्त करून तुमची उंची तुम्हालाच सापडते. पालथं झोपणं मात्र काही दिवस बंद. कूलरच्या वाऱ्यानं मान धरते असं आपल्याकडं सगळेच म्हणतात. मला तो बिचारा कूलर निर्दोष वाटतो. उकाड्यात माणूस त्याच्याकडं तोंड करून रात्रभर एकाच कुशीवर पडतो, खरं कारण ते.

शेक घ्या, बरं वाटतं. दहा-पंधरा मिनिटं, कातडी भाजणार नाही इतपत. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. एवढंच सांगते की दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर घेऊन महिना-महिना खाऊ नका, विशेषतः बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर. आणि एका सुईत ‘फटकन’ आराम देणाऱ्यापासून जरा जपून; त्या सुईत काय आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मानेला झटका देऊन नस बसवणाऱ्याकडं जाऊ नका. इथं मी ‘तुमच्या परिस्थितीवर अवलंबून’ असं म्हणणार नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतूनच वर जातात. झटक्यानं त्या फाटण्याचे प्रकार क्वचित होतात, पण झाले की लकव्यावर जातात. नस जागेवरून हललेलीच नसते, तर ती बसवायची कुठून? कट् आवाज सांध्यातल्या हवेचा असतो. न्हाव्याकडं दाढीनंतर मान मोडून घ्यायची सवय असेल तर तीही सोडा. बिब्ब्याबद्दल: तो कातडी भाजतो, फोड येतात, कधी पिकतात. त्या जळजळीपुढं मूळ दुखणं दोन दिवस जाणवत नाही, त्याचा गुण तेवढाच. आईंना दुखवू नका. त्यांना म्हणा, बिब्ब्याऐवजी कोमट तेलानं खांदे हलक्या हातानं चोळून द्या. त्यानं खरंच मोकळं वाटतं.

माझ्या व्यवसायातल्या मशिनींबद्दलही सांगायला हवं. ट्रॅक्शन, करंटची मशीन, अल्ट्रासाउंड. सुरुवातीची काही वर्षं मी सगळ्यांना तेच देत होते, आणि लोकांनाही मशीन लावली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. नस दुखणाऱ्या काहींना ट्रॅक्शननं आराम पडतो, तेवढ्यापुरतं मी आजही वापरते. पण पंधरा दिवस नुसती मशीन आणि एकही व्यायाम नाही, असा कोर्स कुणी सांगितला तर बसभाडं वाचवा.

व्यायाम. फिनलंडमध्ये ऑफिसात बसून काम करणाऱ्या, मान जुनाट दुखणाऱ्या १८० बायकांवर झालेला अभ्यास २००३ साली आला होता. ज्यांनी वर्षभर मान-खांद्याचे ताकदीचे व्यायाम केले त्यांचं दुखणं ठळक कमी झालं. ज्यांनी नुसतं ताणणं आणि चालणं-फिरणं केलं त्यांचं तितकं नाही. माझाही अनुभव तोच. मान गोल-गोल फिरवण्यानं फार काही होत नाही.

पहिला व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहे, म्हणून लोक तो नीट करत नाहीत. पाठीवर झोपा, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी. आता लाजत ‘हो’ म्हणावं इतकीच हनुवटी आत घ्या. डोकं उचलायचं नाही, दाबायचं नाही. गळ्याच्या दोन बाजूंना बोटं ठेवा. तिथल्या दोऱ्या ताठ झाल्या तर तुम्ही जास्त जोर लावताय. पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. सकाळ-संध्याकाळ. हळूहळू दहा सेकंदांवर न्या. गळ्याच्या आतले खोल स्नायू यानं जागे होतात; दुखणाऱ्या मानेत तेच सुस्तावलेले असतात.

दुसरा पाठीच्या फऱ्यांचा. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजातून घाला, दोन टोकं दोन हातांत, कोपरं अंगाला घासत मागं ओढा, फरे एकमेकांकडं आणा. खांदे कानाकडं चढू द्यायचे नाहीत. दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. चौथ्या आठवड्यात ट्यूब सैल वाटायला लागली पाहिजे, मग दुहेरी करा. तिसरा, तळहात कपाळाला, मग कानाच्या वर, मग डोक्यामागं लावून डोकं न हलवता हलका दाब, पाच-सात सेकंद. हा मुंग्या कमी झाल्यावरच सुरू करायचा. आणि रोज अर्धा तास चालणं, हात झुलवत, मोबाईल खिशात.

करताना थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालेलं असलं पाहिजे. हातासाठी नियम वेगळा आहे. मुंग्या अंगठ्यातून कोपराकडं, कोपरातून खांद्याकडं वर सरकत असतील तर गाडी बरोबर रस्त्यावर आहे, मग त्या दिवसांत मान थोडी जास्त दुखली तरी. मुंग्या खाली उतरत असतील तर तो व्यायाम थांबवा.

केंद्रातलं टेबल. लॅपटॉप एखाद्या पत्र्याच्या डब्यावर किंवा जुन्या रजिस्टरांच्या थप्पीवर ठेवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल असा, आणि कीबोर्ड-माऊस वेगळा जोडून खाली, कोपरं टेकतील तिथं. सातबारा, आधार वाचायला स्क्रीनच्या शेजारी उभी पाटी लावा, म्हणजे मान दर मिनिटाला डावीकडं खाली जाणार नाही; तुमचं दुखणं डावीकडंच का, याचं उत्तर कदाचित तिथं आहे. ओटीपी शेतकऱ्यालाच वाचून दाखवायला सांगा. आणि दर पाच अर्जांनंतर उठायचं. घड्याळाचा गजर लोक दोन दिवसांत बंद करतात, अर्जांचा हिशोब मात्र केंद्रवाला चुकत नाही, म्हणून मी अर्ज मोजायला सांगते. उठून प्रिंटरपर्यंत जा, दोन्ही हात वर करून छाती उघडा, पाणी प्या, बसा. एक मिनिट पुरतं.

कुशीवर वळताना एकदा चक्कर आली, तीही मानेमुळंच का, असं तुम्ही मध्येच विचारलंय. बहुधा नाही. अंथरुणात वळताना, वर बघताना काही सेकंद घर फिरतं ती चक्कर बहुतेक वेळा आतल्या कानातल्या खड्यांची असते. कानाचे डॉक्टर किंवा शिकलेला फिजिओ डोकं विशिष्ट पद्धतीनं फिरवून ती अनेकदा एकाच बैठकीत घालवतो. आपल्याकडं अशी कितीतरी माणसं ‘मानेची चक्कर’ म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खात बसलेली असतात.

राहिला एमआरआय. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नसतील आणि मनगटाचा जोर शाबूत असेल तर आज काढून उपचारात काही फरक पडणार नाही. फुगवटा निघणारच, आणि घरात धास्ती वाढेल. नीट व्यायाम करूनही सहा आठवड्यांनी हात तसाच ठणकत असेल, किंवा जोर कमी व्हायला लागला, तर जरूर काढा. मग तो पैसा कामी येतो, कारण तेव्हा सुई की ऑपरेशन हे ठरवायला तो लागतो. ऑपरेशन म्हटलं की लोक हातपाय गाळतात. मज्जारज्जू दबला असेल किंवा ताकद घसरत असेल तर ते टाळण्यात शहाणपणा नाही. पण नुसत्या दुखण्यासाठी, नुसत्या गॅपसाठी, नको. गादीचा बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, हे सर्जनही सांगतात.

‘जन्माचं झालं का’ याचं अगदी प्रामाणिक उत्तर: हे दुखणं जाईल, पण मानेचं दुखणं परत येण्याची सवय असलेलं आहे. पुढच्या रब्बीच्या विम्याला, नाहीतर एखाद्या भरतीच्या अर्जांच्या गर्दीत ते डोकं वर काढू शकतं. तेव्हा नवा एक्स-रे काढायला धावू नका, ट्यूब खिडकीला परत बांधा.

तूर्तास तीन आठवडे एवढं करा, आणि मला दोनच गोष्टी कळवा: मुंग्या वर सरकल्या की खाली, आणि रविवारी दोन मनगटांचा जोर सारखा लागला का. जमलं तर काउंटरवर बसलेला तुमचा बाजूनं काढलेला एक फोटोही पाठवा. एक्स-रेचा नको.